सांगता न येणाऱ्या मुलांची शाळा कोण तपासतं?

झरीहून परभणीला शिकायला जाणारं पोर संध्याकाळी घरी येतं आणि दिवसभरात काय झालं ते आईला सांगतं. सरांनी मारलं, खिचडी करपली होती, बाई आल्याच नाहीत. शाळेवरची पहिली देखरेख अशी घरातच होते. बौद्धिक अक्षमता, स्वमग्नता किंवा सेरेब्रल पाल्सी असलेल्या कितीतरी मुलांच्या बाबतीत नेमकी हीच पायरी गळून पडते. मूल बोलत नाही, किंवा त्याचं बोलणं घरच्यांशिवाय कुणाला उमगत नाही. काल रात्री जेवायला मिळालं की नाही, हे पंधरा वर्षांच्या मुलालाही सांगता येत नाही. त्यात शाळा निवासी आणि दुसऱ्या जिल्ह्यात असली, तर आईबापाची भेट दिवाळीला आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत. मधल्या महिन्यांत त्याच्याकडे कुणी बघायचं?

कायद्याने याचं उत्तर दिलेलं आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 साली संमत झाला आणि 19 एप्रिल 2017 पासून लागू झाला. त्याचं संपूर्ण नववं प्रकरण संस्थांच्या नोंदणीचं आहे. नोंदणीशिवाय दिव्यांगांसाठी संस्था चालवता येत नाही. राज्याने ठरवलेल्या सोयी आणि निकष पुरे होत नसतील, तर प्रमाणपत्र देता येत नाही. अर्जाचा निकाल 90 दिवसांत लागला पाहिजे, नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्याच्या किमान 60 दिवस आधी आला पाहिजे आणि प्रमाणपत्राची प्रत संस्थेच्या दर्शनी भागात लावलेली असली पाहिजे. मूल दाखल करायला गेलेल्या पालकांनी ऑफिसातल्या खुर्चीवर बसण्याआधी भिंतीवरचा तो कागद शोधावा आणि त्यावरची मुदत वाचावी. शिकवणाऱ्यांचीही अशीच नोंद असते. 1992 च्या कायद्याने भारतीय पुनर्वास परिषदेला वैधानिक अधिकार मिळाले. विशेष शिक्षकाचं नाव तिच्या नोंदवहीत असावं लागतं. नोंदणी क्रमांक विचारला म्हणून शिक्षकाचा अपमान होत नाही. चांगला शिक्षक तो लगेच सांगतो.

पण याच नवव्या प्रकरणात कलम 54 आहे. केंद्र किंवा राज्य सरकारने स्थापन केलेल्या वा चालवलेल्या संस्थेला हे प्रकरण लागू नाही, असं ते म्हणतं. 1995 च्या जुन्या कायद्यातही हीच सूट होती. सरकारने स्वतःच्या संस्थेला स्वतःकडून परवाना घेण्यात अर्थ नाही, हा युक्तिवाद समजू शकतो. महाराष्ट्राचा अनुभव मात्र वेगळं सांगतो.

फेब्रुवारी 1994 मध्ये शिरूरच्या शासकीय वसतिगृहातल्या बौद्धिक अक्षम मुलींना पुण्याच्या ससून रुग्णालयात नेण्यात आलं आणि त्यांच्यापैकी अनेकींची गर्भाशयं काढून टाकण्यात आली. त्यांना पाळीच्या दिवसांत स्वतःची स्वच्छता राखता येत नाही, हे कारण देण्यात आलं. महिला संघटना आणि आरोग्य चळवळीतले कार्यकर्ते रस्त्यावर उतरले, राज्यभर खळबळ उडाली आणि पुढच्या शस्त्रक्रिया थांबल्या. तेव्हा विचारला गेलेला प्रश्न आजही लागू आहे. पाळीच्या दिवसांत मदत करायला पुरेशा सेविका होत्या का? पुरेसं पाणी आणि कपडे होते का? मुलींना हळूहळू शिकवण्याचा प्रयत्न किती झाला? सेवेतली त्रुटी मुलीच्या शरीरावर शस्त्रक्रिया करून भरून काढायची, हा विचार एका सरकारी संस्थेत आणि एका सरकारी रुग्णालयात रुजला, आणि त्याला आतून कुणी अडवलं नाही.

पुढचा धक्का 2010 चा. ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर तालुक्यात कवडास इथे मतिमंद मुलांसाठी निवासी संस्था होती. तिथली मुलं उपासमारीने आणि कुपोषणाने दगावल्याच्या, लैंगिक अत्याचार झाल्याच्या बातम्या वृत्तपत्रांत आल्या. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि त्या बातम्यांचीच जनहित याचिका झाली. त्या याचिकेतून डॉ. आशा बाजपेयी यांच्या अध्यक्षतेखाली समन्वय समिती नेमली गेली आणि राज्यभरातल्या अशा बालगृहांची पाहणी सुरू झाली. प्रत्येक बालगृह अमुक खात्याचं की तमुक खात्याचं, हा वाद बाजूला ठेवून कुणीतरी सगळ्यांकडे एका नजरेने पाहिलं, हे त्या आदेशाचं मोठं फलित. ते न्यायालयाला करावं लागलं, हे दुःख आहे.

कवडासबद्दल विचार करताना माझं मन एका साध्या वस्तूपाशी थांबतं: वजनाची नोंदवही. मूल एका दिवसात कुपोषित होत नाही. दर महिन्याला प्रत्येक मुलाचं वजन घेतलं, लिहिलं आणि बाहेरच्या कुणी त्या ओळीवरून डोळे फिरवले, तर उतरणारा आकडा मृत्यूच्या कितीतरी आधी ओरडून सांगतो. अंगणवाडीत हे आपण रोजच्या कामासारखं करतो. निवासी विशेष शाळेत तेच हवं, आणि सोबत फेफऱ्याची नोंद हवी, कारण या मुलांमध्ये फिट येण्याचं प्रमाण जास्त असतं. गोळी किती वाजता दिली, कुणी दिली, महिन्यात किती झटके आले, एवढं लिहिलेलं असलं तरी डॉक्टरला निम्मं काम झालेलं मिळतं.

आपली तपासणी मात्र बहुतेक वेळा मोजणीभोवती फिरते. मराठवाड्याला हे वेगळं सांगायला नको. शेजारच्या नांदेडमध्ये जिल्हाधिकारी श्रीकर परदेशी यांनी शाळांतली बोगस पटसंख्या उघडी पाडली आणि ऑक्टोबर 2011 मध्ये सगळ्या राज्यात पटपडताळणी झाली. ती गरजेचीच होती; अनुदान लाटण्यासाठी कागदावर मुलं जगवणं ही चोरी आहे. पण मुलं खरोखर हजर आहेत, खोल्या मोजमापाच्या आहेत, मस्टरवर सह्या आहेत, एवढ्याने ती मुलं नीट वाढताहेत हे सिद्ध होत नाही. पथक येणार हे आधी कळतं, चादरी बदलल्या जातात, त्या दिवशी भाजी घट्ट होते. खरी तपासणी न सांगता, रात्रीच्या जेवणाच्या वेळी आणि झोपायच्या खोलीत व्हायला हवी.

श्रीमंत देशांनीही इथे मार खाल्लेला आहे. इंग्लंडमध्ये ब्रिस्टलजवळच्या विंटरबर्न व्ह्यू या खासगी रुग्णालयात कर्मचारी रुग्णांचा छळ करत होते. तिथल्या एका परिचारकाने नियामक संस्थेला कळवलंही होतं, पण हालचाल झाली नाही. 2011 मध्ये बीबीसीने छुपा कॅमेरा आत नेला तेव्हा ते जगाला दिसलं; 11 कर्मचारी दोषी ठरले, त्यातले सहा तुरुंगात गेले. त्यानंतर नियामक संस्थेने अशा सुमारे 150 सेवांची पाहणी केली. त्या पथकांमध्ये बौद्धिक अक्षमता असलेल्या व्यक्ती आणि त्यांची काळजी घेणारे कुटुंबीय निरीक्षक म्हणून होते. ही गोष्ट आपण तातडीने उचलावी. ज्या आईने वीस वर्षं असं मूल सांभाळलं आहे, तिला खोलीत शिरल्यावर वासावरून जे कळतं ते अधिकाऱ्याला फाइल चाळून कळणार नाही.

नुसत्या तपासणीने शाळा सुधारत नाही, हेही तितकंच खरं. विनाअनुदानित शाळेतला शिक्षक तुटपुंज्या मानधनावर दहा निरनिराळ्या गरजांची मुलं सांभाळतो. त्याला शेरेबहीतला शेरा देऊन काय मिळणार? त्याला शिकवण्याची पद्धत दाखवणारं कुणी हवं. 1944 पासून काम करणारी मुंबईची जय वकील संस्था आणि दिव्यांग कल्याण आयुक्तालय यांचं दिशा अभियान या दृष्टीने महत्त्वाचं आहे. राज्यातल्या बौद्धिक अक्षम मुलांच्या 450 हून अधिक विशेष शाळांना एकसारखा अभ्यासक्रम, मूल्यमापनाची साधनं आणि शिक्षकांना प्रशिक्षण देण्याचं हे काम आहे. अभ्यासक्रमाला सिकंदराबादच्या राष्ट्रीय बौद्धिक दिव्यांगजन सशक्तीकरण संस्थेची मान्यता आहे. परभणीच्या स्टेशनवरून सिकंदराबादला थेट गाडी जाते. आपल्या भागातल्या शिक्षकांना ही संस्था पुण्यामुंबईपेक्षा परकी वाटू नये. प्रत्येक मुलाचा वैयक्तिक आराखडा असतो: शर्टाची बटणं स्वतः लावणं, ताटातलं न सांडता खाणं, पैसे ओळखणं. सहा महिन्यांपूर्वी काय येत होतं आणि आज काय येतं, हे पालकाने विचारावं आणि शाळेने दाखवावं. दर्जा मोजायचा तर तो इथे.

अठरा वर्षं पूर्ण झाल्यावर काय, हा प्रश्न मात्र अजून उघडाच आहे. अमरावती जिल्ह्यातल्या वझ्झरला बेवारस दिव्यांग मुलांचा सांभाळ करणारे शंकरबाबा पापळकर वर्षानुवर्षं एकच मागणी करत आले: अठरा वर्षं झाली म्हणून या मुलांना बालगृहाबाहेर काढू नका. 2024 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. प्रौढांसाठीच्या घरांची संख्या आणि तिथली देखरेख दोन्ही तोकडी आहेत.

झरीसारख्या गावाच्या हातात काय आहे? ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातला 5 टक्के वाटा दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. बहुतेक ठिकाणी तो थोडीथोडी रक्कम वाटून संपतो. त्याच निधीतून निवासी शाळेत असलेल्या गावातल्या मुलाच्या आईवडिलांना दर महिन्याचं गाडीभाडं देता येईल का, हे ग्रामसभेत विचारायला हवं. ज्या मुलाकडे दर महिन्याला घरचं माणूस येतं, त्याच्या अंगावरचा वळ लपवणं अवघड होतं. आणि आई शाळेत जाईल तेव्हा तिने आपल्या मुलासोबत पंगतीत बसून तिथलंच जेवावं. वजनाची वही मागावी, ती दाखवली नाही तर तारखेसह लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी.