तीन दिवसांचा शिधा घरात असू द्या



२०२५ च्या जून महिन्यातले ते बारा दिवस आपण कोणी विसरलेलो नाही. त्यातल्या एका सकाळची गोष्ट. लोदमधली आमची इमारत जुनी. लिफ्ट नाही, घरात ममाद नाही, तळाला सगळ्यांचे मिळून एकच मिक्लात. सातच्या सुमारास मोबाईलवर इशारा वाजला आणि मी तिसऱ्या मजल्यावरून कठडा धरून खाली उतरले. थोड्याच वेळात शेजारच्या बाई, वय ८४, बसल्या जागी घामाने भिजल्या. हात थरथरू लागले, बोलणे अडखळू लागले. इन्सुलिन टोचून झाले होते आणि नाश्ता ताटात तसाच टाकून त्या खाली आल्या होत्या.

माझा आणीबाणीचा खोका तिथेच कोपऱ्यात होता. २०२३ च्या ऑक्टोबरात मी तो मोठ्या शहाणपणाने भरला होता. आत मका, चणे आणि खारवलेल्या काकडीचे डबे. डबे फोडायची किल्ली मात्र वर स्वयंपाकघरात! क्रॅकर होते, पण त्यांची तारीख कधीच उलटून गेली होती. गोड काहीच नव्हते, कारण मला स्वतःला साखर चालत नाही. शेवटी एका लहान मुलाच्या हातातला रसाचा पुडा त्याच्या आईने बाईंच्या तोंडाला लावला. पंधरा-वीस मिनिटांनी त्या सावरल्या. जन्मभर वर्गात ‘तयारी करून या’ म्हणत आलेली मी, माझ्या खोक्यातून त्या दिवशी एक घासही निघाला नाही.

तेव्हापासून मी या विषयावर विचार करते आहे, आणि दर वेळी मला आठवते ती आजी. अलिबागजवळच्या गावात तिचे घर होते आणि मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही मुंबईहून तिथे जायचो. पाऊस लागला की समुद्र खवळे, लाँच बंद पडत, ओढे भरून वाहत आणि बाजार दूर जाई. म्हणून मे महिना म्हणजे आगोटीची भरणी. कणगीत भात, राख चोळलेले वाल, चिंचेचे गोळे, आमसुले, आंबोशी, मिरच्या, मीठ, माळ्यावर लाकडे. शेजारपाजारी सुकट-सोडे भरत, आपल्याकडे ते चालत नसत. पण त्या साठ्यात एकही जिन्नस असा नसे की जो आजी एरवी खात नव्हती. आणि नवे भरण्याआधी जुने संपवायचे, हा तिचा दंडक. ‘बाय, आधी जुन्या मडक्यात हात घाल,’ असे ती आईला सांगे.

माझी चूक नेमकी इथे झाली. मी न खाणारे पदार्थ आणले, आणि आणून विसरले.

आता पाण्याचे बघू. पिकूद हाओरेफची सूचना माणशी दिवसाला ३ लिटर आणि तीन दिवसांची आहे, म्हणजे ९ लिटर. सुपरमध्ये दीड लिटरच्या सहा बाटल्यांचा जो गठ्ठा मिळतो, तो बरोबर ९ लिटरचा. एका माणसाला एक गठ्ठा, हिशोब सोपा. पण हा गठ्ठा वजनाला ९ किलोच्या वर जातो, आणि आपल्या वयात तो उचलणे म्हणजे पाठीचे दुखणे विकत घेणे. घरी पोचवणाऱ्या मुलाकडूनच तो जागेवर ठेवून घ्यावा आणि वरचे प्लॅस्टिक लगेच कापावे, म्हणजे वेळेला एकेक बाटली काढता येते. बाल्कनीत उन्हात ठेवू नये. झाकण घट्ट वाटत असेल तर एक खरबरीत फडके तिथेच ठेवावे.

खाण्याच्या बाबतीत मी स्वतःला तीन प्रश्न विचारते. हे मला उघडता येईल का? चावता येईल का? चुलीवाचून खाता येईल का? वाल आणि सुके चणे इथेच बाद होतात, कारण त्यांना भिजवायला पाणी हवे आणि शिजवायला गॅस. बिरडे सणाला करावे. या तिन्ही प्रश्नांना उतरणारा पदार्थ आपल्या घरात पिढ्यान्‌पिढ्या आहे, आणि मला तो दोन वर्षे सुचला नाही याची गंमत वाटते. पोहे! मलिद्यासाठी आपण आणतो तेच. पातळ पोह्यांवर जरासे पाणी शिंपडायचे, मीठ, लिंबू, दाण्याचे कूट घालायचे, पाच मिनिटांत मऊ होतात आणि कवळीलाही त्रास नाही. जाड पोहे धुण्यात पाणी फार जाते, म्हणून साठ्याला पातळच घ्यावेत. गूळ आणि पुड्यातले टिकाऊ दूध घातले तर न्याहारी झाली. मधुमेह असेल तर गूळ नको आणि पोहेही मोजून, कारण त्यांनी साखर चढते.

पोह्यांच्या जोडीला कच्ची तहिना ठेवावी. तिला फ्रीज लागत नाही आणि ताकद चांगली आहे. कडी ओढून उघडणारे ट्यूनाचे छोटे डबे आणावेत. सांधेदुखीने बोटे वळत नसतील तर चमच्याची दांडी कडीखाली घालून उचलायची. दुकानातून आणल्यावर एक डबा उघडून बघावाच, अझाकाच्या वेळी ही परीक्षा नको. खारवलेल्या काकड्या आणि खारट लोणची रक्तदाबवाल्यांना बरी नाहीत, शिवाय त्यांनी तहान लागते. माझ्या जुन्या खोक्यात नेमक्या त्याच होत्या.

वीज गेली तर आधी साठ्याला हात लावू नये. फ्रीजचे दार बंद ठेवले तर आतले अन्न साधारण चार तास चांगले राहते, आणि भरलेला फ्रीझर दोन दिवसांपर्यंत थंडी धरतो. म्हणून फ्रीजमधले पहिले खावे, मग फ्रीझरमधले, कोरडे शेवटी. बंद ममादमध्ये गॅसची शेगडी किंवा मेणबत्ती कधीही पेटवू नये. हवा दूषित होते आणि ते कळतही नाही. नेर नेशामासुद्धा तिथे नको. बॅटरीचा दिवा ठेवावा.

तांदूळ, रवा, पोहे यांत या देशाच्या उन्हाळ्यात किडे फार लवकर होतात. नवी पिशवी आणली की ती तशीच बंद चार दिवस फ्रीझरमध्ये ठेवते, त्याने अंडी मरतात. बाहेर काढल्यावर लगेच उघडायची नाही, नाहीतर आत दव धरते. दुसऱ्या दिवशी कोरड्या घट्ट झाकणाच्या डब्यात भरायची. आजीची राख इथे कुठून आणणार!

आता जुने संपवून नवे भरण्याचा प्रश्न. मोबाईलवर आठवण लावा असे नातू म्हणतो, पण आपले कॅलेंडर अगोदरच वर्षातून दोनदा आपल्याला हलवते. पेसाखच्या आधी हामेत्स घराबाहेर काढायचेच असते. त्या पंधरवड्यात साठ्यातले क्रॅकर, बिस्किटे, रवा खाऊन संपवावे. त्यांच्या जागी मात्सा येतो, आणि सण झाल्यावर उरलेली न फोडलेली पाकिटे साठ्यातच राहू द्यावीत, ती कोरडी राहिली तर बरेच महिने टिकतात. मात्सा कडक वाटला तर दुधात बुडवावा. आपल्या रिवाजात पेसाखला भात चालतो, तेव्हा तांदूळ-पोह्यांचा डबा हलवायची गरज नाही, फक्त तारखा बघाव्यात. दुसरी फेरी तिश्रीच्या आधी, रोश हाशानाची खरेदी करताना. तेव्हा पाण्याच्या बाटल्या, ट्यूना, तहिना, दूध यांच्या तारखा बघायच्या. मी डब्यांवर मार्करने मराठीत मोठा आकडा लिहिते, कारण कंपनीने छापलेली तारीख चष्मा लावूनही दिसत नाही.

ज्यांच्या घरात ममाद नाही त्यांनी साठ्याचे दोन भाग करावेत. मोठा घरात, आणि एक छोटी पिशवी दाराला अडकवलेली. माझी बाजाराची दोन चाकांची गाडी जिन्यात कामाची नाही हे मी अनुभवाने सांगते. खांद्याला अडकणारी पिशवी हवी, म्हणजे दोन्ही हात कठड्याला मोकळे राहतात. तिच्यात अर्ध्या लिटरची बाटली, पोह्यांची पुडी, चमचा, दिवा, औषधांची यादी आणि एका आठवड्याच्या गोळ्या. इन्सुलिन फ्रीजमध्ये असते, त्याचे काय करायचे ते आपल्या डॉक्टरांना आताच विचारून ठेवावे.

आणि रसाचे दोन पुडे, साखर घातलेले, ‘डाएट’ नव्हे. घाम, थरथर, गोंधळ दिसला की अर्धा ग्लास रस किंवा तीन चहाचे चमचे साखर पाण्यात, आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचे. माणूस शुद्धीवर असेल तरच तोंडात काही घालावे, नाहीतर १०१ ला फोन. खजूर चांगला, पण अशा वेळी तो चावत बसायला वेळ नसतो. घरात कोणालाच मधुमेह नसला तरी हे पुडे ठेवा, मिक्लातमध्ये आपण एकटे नसतो. शेजारच्या बाईंच्या दाराला मी अशीच एक पिशवी अडकवली आहे. त्यांनी तीत स्वतःहून चकलीचे पाकीट घातले आहे. दात नाहीत, पण त्या म्हणतात, ‘असू दे, कुणीतरी खाईल.’