हाली, कलदार आणि यंत्राचा आकडा



धर्माबाद १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होते. बाजारात तेव्हा दोन रुपये चालत. एक निजाम सरकारचा 'हाली' आणि दुसरा इंग्रज सरकारचा 'कलदार'. सात हाली दिले की सुमारे सहा कलदार मिळत. पुढच्या दहाएक वर्षांत हाली चलनातून गेला. पण भिंतीत, बांधाखाली कोणी पुरून ठेवला असेल तर तो तिथेच राहिला. आता धातू शोधणारे यंत्र निघाले आहे. पडद्यावर आकडा दिसला की यंत्रवाला म्हणतो, "चांदी आहे, खणा!" या म्हणण्यावर किती विश्वास ठेवावा?

यंत्राच्या खालच्या चकतीत तांब्याच्या तारेचे वेटोळे असते. त्यातून उलटसुलट वीज वाहते व भोवती चुंबकीय क्षेत्र तयार होते. ते जमिनीतल्या धातूला लागले की धातूत भोवऱ्यासारखे लहान प्रवाह उठतात, आणि त्यांचे उत्तर वेटोळ्याकडे किंचित उशिराने येते. धातू जितका चांगला वीजवाहक, जितका मोठा व जाड, तितका हा उशीर अधिक. या उशिराचाच आकडा होतो. पुष्कळ यंत्रांत तो ० ते ९९ असतो.

म्हणून खिळा, नाल यांचा आकडा बहुधा तळाशी, शिशाचा त्याच्या वर, आणि चांदीच्या रुपयाचा अगदी वरच्या टोकाला येतो. सातवाहनांची पुष्कळ नाणी शिशाची होती. ती जुनी असूनही त्यांचा आकडा लहानच येणार. तेव्हा आकडा धातूबद्दल काही सांगतो, वयाबद्दल काहीच नाही.

रुपया-रुपयातही फरक आहे. १९३९ पर्यंतच्या कलदारात सुमारे ९२ टक्के चांदी, हालीत सुमारे ८२, १९४० ते ४५ च्या कलदारात निम्मीच, आणि १९४७ चा रुपया तर निकेलचा! तो लोहचुंबकाला चिकटतो, त्यामुळे यंत्रही गोंधळते. उलट जर्मनच्या भांड्याचे झाकण चांदीसारखा मोठा आकडा दाखवते. शिवाय आपली काळी माती बेसाल्ट दगडाची. तिच्यात लोहाचा अंश असतो. नाणे खोल असेल किंवा उभे पडले असेल, तर आकडा हलतो.

खरी ओळख हातात आल्यावर पटते. चांदीचा कलदार बरोबर एक तोळ्याचा, म्हणजे ११.६६ ग्रॅम, हाली सुमारे ११.१८ ग्रॅम. विसाव्या शतकाच्या आरंभापासून हालीवर चारमिनार आहे. गुरुजींनी शाळेत लोहचुंबक व सोनाराचा काटा घेऊन हा प्रयोग जरूर करावा.

नांगरताना नाण्यांचे मडके लागले, तर नाणी चिंचेने घासू नयेत, वाटून घेऊ नयेत, आटवू तर मुळीच नयेत. मडक्यातले सर्वांत नवे नाणे पाहून ते कधीनंतर पुरले हे कळते. नाणी पांगली की ही साक्ष बुडाली. जागेची खूण ठेवावी आणि तहसीलदारांमार्फत जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे. संरक्षित किल्ला, देऊळ यांच्या आवारात परवानगीवाचून खणणे हा १९५८ च्या कायद्याने गुन्हा आहे.

आणि यंत्राच्या आकड्यावर गुप्तधनाचा सौदा करून कोणी आगाऊ पैसे मागू लागला, तर एवढेच ध्यानात ठेवावे: जर्मनच्या झाकणाचाही आकडा मोठाच येतो.