हृदयशस्त्रक्रिया आणि रक्ताची पिशवी

कलबुर्गीत जयदेव हृदयरोग संस्था आली, तरी बीदरकडील अनेक रुग्ण आजही हैदराबाद वा सोलापूर गाठतात. रुग्णालय कोणतेही असो, नातलगांची पहिली धावपळ रक्तदात्यांसाठीच! मात्र रक्त कधी द्यावे, याविषयी रुग्णालयागणिक प्रघात निराळा. अमेरिकेतील ४०८ रुग्णालयांच्या २००८ मधील नोंदींत, बायपासच्या रुग्णांना तांबड्या पेशी देण्याचे प्रमाण कोठे ७.८, तर कोठे ९२.८ टक्के आढळले. एवढी तफावत केवळ रुग्णांच्या प्रकृतिभेदाने उलगडत नाही. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘ट्रिक्स-३’ चाचणीत हिमोग्लोबिन ७.५ ग्रॅमखाली उतरेपर्यंत थांबूनही, ९.५ ची मर्यादा पाळणाऱ्या गटापेक्षा परिणाम वाईट ठरले नाहीत. आपल्याकडे रक्तक्षय फार. म्हणून शस्त्रक्रिया तातडीची नसेल, तर रुग्णास पुढे धाडण्यापूर्वीच हिमोग्लोबिन तपासून लोहाची उणीव भरून काढणे आपल्याच हाती आहे.