पाच बाटल्यांतून नवरात्रीचे सगळे रंग! नेलपॉलिश घरी मिक्स करताना काय चालतं आणि काय अजिबात नाही?

नवरात्र जवळ आलं की व्हॉट्सॲपवर रंगांची यादी फिरायला लागते. सोमवारी पांढरा, मंगळवारी लाल, बुधवारी निळा... साडी, कुर्ता, बांगड्या जमतात. अडतं ते नखांवर. राखाडी किंवा मोरपंखी नेलपॉलिश किती जणींच्या घरात असते? आणि एका दिवसासाठी अख्खी बाटली कोण विकत घेणार?

मग रील्स मदतीला येतात. कुणी पारदर्शक नेलपॉलिशमध्ये आयशॅडो मिसळतं, कुणी खाण्याचा रंग, कुणी हळद, तर कुणी थेट रांगोळी. व्हिडिओत सगळं सुंदर दिसतं. प्रत्यक्षात मात्र काही मिश्रणं फाटतात, काही नखं पिवळी करतात आणि काहींमुळे त्वचेला कायमचा त्रास लागू शकतो.

घरी रंग मिसळणं चुकीचं नाही. उलट अशाच एका घरगुती मिश्रणातून अमेरिकेत मोठा ब्रँड उभा राहिलाय. फक्त काय कशात मिसळतं, हे माहीत हवं.

सँडलशी मॅचिंग रंग हवा होता, त्यातून कंपनी उभी राहिली

गोष्ट आहे 1995 सालची. लॉस एंजेलिसमध्ये दिनेह मोहाजेर नावाची तरुणी वैद्यकीय शिक्षणाच्या तयारीचा अभ्यास करत होती. तिला आपल्या फिकट निळ्या सँडलशी जुळणारी नेलपॉलिश हवी होती. त्या काळी दुकानात मिळायचे ते प्रामुख्याने लाल, गुलाबी आणि तपकिरी रंग. मग तिने घरीच रंग मिसळून आकाशी छटा तयार केली.

लोक विचारायला लागले, हा रंग कुठून आणला? तिने त्या बाटल्या फ्रेड सेगल या प्रसिद्ध दुकानात विकायला दिल्या आणि ‘हार्ड कँडी’ हा ब्रँड जन्माला आला. अभिनेत्री अलिशिया सिल्व्हरस्टोन हिने टीव्हीवर मुलाखत देताना तो आकाशी रंग लावला आणि मागणी प्रचंड वाढली. पुढे 1999 मध्ये एलव्हीएमएच या बड्या फ्रेंच कंपनीने हा ब्रँड विकत घेतला.

तिचं मिश्रण जमलं, कारण तिने नेलपॉलिशमध्ये नेलपॉलिशच मिसळली होती. सगळी मेख इथेच आहे.

बाटलीत नेमकं असतं काय?

साध्या नेलपॉलिशमध्ये मुख्यतः चार गोष्टी असतात.

पहिली, थर बनवणारा पदार्थ. हा बहुतेक वेळा नायट्रोसेल्युलोज असतो. कापूस किंवा लाकडाच्या लगद्यापासून तो तयार होतो. जुन्या काळातल्या सिनेमाच्या फिल्मही याच पदार्थाच्या असायच्या.

दुसरी, तो पदार्थ विरघळवणारं द्रव, म्हणजे सॉल्व्हंट. इथाइल ॲसिटेट आणि ब्युटाइल ॲसिटेट ही त्यातली नेहमीची नावं. नेलपॉलिशचा तो ओळखीचा उग्र वास यांचाच.

तिसरी, थराला चिकटपणा, चमक आणि लवचिकता देणारे पदार्थ. ते नसतील तर थर वाळल्यावर काचेसारखा तडकेल.

चौथी, रंग. सोबत एक खास प्रकारची मातीही असते. ती रंगाचे कण तळाशी बसू देत नाही.

नखावर लावल्यावर सॉल्व्हंट उडून जातं आणि थर मागे राहतो. बस, इतकंच घडतं. म्हणूनच रिमूव्हर लावला की तो थर पुन्हा विरघळतो. आणि म्हणूनच दोन साध्या नेलपॉलिश एकमेकींत सहज मिसळतात, कारण दोन्हींचं द्रव जवळपास सारखंच असतं.

हळद, खाण्याचा रंग, रांगोळी का चालत नाही?

खाण्याचे द्रवरूप रंग, पोस्टर कलर आणि ॲक्रिलिक कलर पाण्यावर आधारलेले असतात. नेलपॉलिशचं सॉल्व्हंट आणि पाणी नीट एकत्र होत नाही. परिणाम फोडणीच्या तेलात पाणी पडल्यासारखा. रंगाचे थेंब वेगळे राहतात, थर गढूळ होतो आणि वाळल्यावर सोलून निघतो.

हळदीचं उलट आहे. हळदीतला पिवळा रंग सॉल्व्हंटमध्ये चांगला विरघळतो. पण विरघळलेला रंग नखातही मुरतो. नेलपॉलिश काढली तरी नख पिवळंच राहतं.

इथे डाय आणि पिगमेंट यांतला फरक कळतो. डाय द्रवात विरघळतो आणि नखात शिरतो. पिगमेंट म्हणजे न विरघळणारे बारीक कण. ते थरातच अडकून राहतात आणि थरासोबत निघून जातात. 1932 मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या रेव्हलॉन कंपनीचं पहिलं उत्पादन म्हणजे पिगमेंट वापरून बनवलेली गडद, अपारदर्शक नेलपॉलिशच होती.

रांगोळी, गुलाल, होळीचे रंग आणि कुंकू यांचा मुद्दा आणखी गंभीर आहे. भारतात सौंदर्यप्रसाधनात कोणते रंग वापरायचे याची यादी भारतीय मानक ब्युरोने ठरवलेली आहे. त्या रंगांत शिसं 20 पीपीएम आणि आर्सेनिक 2 पीपीएमपेक्षा जास्त चालत नाही. रांगोळीची पावडर नखांसाठी बनवलेलीच नसते, त्यामुळे तिला ही चाचणी लागू नाही. काही सिंदुरांमध्ये शिसं आढळल्याचंही समोर आलेलं आहे. आणि आपण जेवतो हाताने, पोळीची कणीक मळतो हाताने. नखावरून उडालेला टवका कुठे जाईल, हे वेगळं सांगायला नको.

आयशॅडो आणि ग्लिटर?

आयशॅडो त्यातल्या त्यात बरी. ती सौंदर्यप्रसाधनच आहे आणि तिच्यात पिगमेंट असतात. वडी चमच्याने अगदी बारीक कुटून पारदर्शक नेलपॉलिशमध्ये घातली तर रंग उतरतो. पण दोन अडचणी येतात. आयशॅडोतल्या टाल्कमुळे चमक कमी होते. शिवाय पारदर्शक बाटलीत बऱ्याचदा कण तरंगत ठेवणारी ती माती नसते, त्यामुळे रंग तळाशी बसतो. म्हणून असं मिश्रण लागेल तेवढंच करावं आणि लगेच वापरावं.

स्टेशनरीच्या दुकानातलं ग्लिटर बाटलीत ओतण्याआधी तपासून घ्यावं. चिमूटभर ग्लिटर थोड्या पारदर्शक नेलपॉलिशमध्ये घालून काचेच्या झाकणबंद बाटलीत तीन-चार दिवस ठेवायचं. द्रवाला रंग आला किंवा ग्लिटर वाकडंतिकडं झालं, तर ते सॉल्व्हंटमध्ये टिकणारं नाही.

मग मिसळायचं कसं?

पाच साध्या, चमचम नसलेल्या बाटल्या पुरतात: लाल, पिवळा, निळा, पांढरा आणि काळा. सहावी राणी रंगाची असेल तर उत्तम.

आधी थेंबांवर प्रयोग करायचा, थेट बाटलीत नाही. ॲल्युमिनियम फॉइलच्या तुकड्यावर थेंब टाका आणि टूथपिकने हलवा. एका हाताला दहा-बारा थेंब पुरतात. थर्माकोलची वाटी किंवा पातळ प्लास्टिकचा चमचा घेऊ नका. सॉल्व्हंटमुळे ते विरघळून मिश्रणात उतरू शकतं.

सुरुवातीसाठी ही प्रमाणं धरता येतील. प्रत्येक ब्रँडचा रंग कमी-जास्त गडद असतो, त्यामुळे थोडाफार बदल करावाच लागतो.

- राखाडी: 8 थेंब पांढरा, 1 थेंब काळा
- नारिंगी: 6 थेंब पिवळा, 2 थेंब लाल
- हिरवा: 6 थेंब पिवळा, 2 थेंब निळा
- मोरपंखी: 5 थेंब निळा, 3 थेंब पिवळा, 1 थेंब पांढरा
- गुलाबी: 7 थेंब पांढरा, 2 थेंब लाल
- अबोली: 7 थेंब पांढरा, 2 थेंब नारिंगी मिश्रण, 1 थेंब लाल
- जांभळा: 5 थेंब राणी, 3 थेंब निळा
- वांगी: वरच्या जांभळ्यात काळ्याचा अगदी लहान थेंब

एक नियम लक्षात ठेवला तर निम्मी नेलपॉलिश वाचते: फिकट रंगात गडद रंग घाला, गडदात फिकट नाही. काळ्याचा एक थेंब पांढऱ्याला राखाडी करतो. पण काळ्याला राखाडी करायला पांढऱ्याची अख्खी बाटली लागेल.

जांभळ्यासाठी लाल सोडून राणी का? कारण बाजारातल्या बऱ्याच लाल छटांमध्ये थोडी पिवळी झाक असते. लाल, पिवळा आणि निळा एकत्र आले की तयार होतो तपकिरी. म्हणून लाल-निळ्यातून जांभळ्याऐवजी चिखलासारखा रंग मिळतो. राणी रंगात ही पिवळी झाक नसते.

फॉइलवरचं मिश्रण दोन-चार मिनिटांत घट्ट व्हायला लागतं, त्यामुळे हात पटपट चालवावा लागतो.

रंग नखावर कसा दिसेल, हे आधी कसं कळेल?

बाटलीतला रंग आणि नखावरचा रंग एकसारखा नसतो. पातळ थराखालून नखाचा गुलाबीपणा डोकावतो. त्यासाठी सोपा उपाय म्हणजे पारदर्शक सेलोटेप. टेपच्या तुकड्यावर दोन हात द्या, वाळू द्या आणि तो तुकडा नखावर धरून बघा.

बघायचं मात्र खिडकीजवळ, दिवसाच्या उजेडात. पिवळ्या बल्बखाली अबोली वेगळी दिसते आणि पांढऱ्या ट्यूबलाइटखाली वेगळी. साडीशी मॅच करायचं असेल तर दोन्ही गोष्टी एकाच उजेडात शेजारी धराव्यात.

बाटली भरून करायची असेल तर

रिकामी बाटली आणि ब्रश ॲसिटोनने धुवून पूर्ण वाळवा. त्यात पाण्याचा अंश राहता कामा नये. बाटली गळ्यापर्यंत भरू नका, हलवायला जागा ठेवा. जोरात हलवल्यास बुडबुडे होतात, म्हणून दोन तळहातांमध्ये रवीसारखी फिरवा. बाटलीत खडखडणारे छोटे गोळे स्टेनलेस स्टीलचे असतात. जुन्या बाटलीतले धुवून घेता येतात. साधा लोखंडी छर्रा गंजून रंग खराब करेल.

घट्ट झालेल्या नेलपॉलिशमध्ये रिमूव्हर ओतण्याची सवय अनेकांना असते. रिमूव्हरमध्ये बऱ्याचदा पाणी आणि तेल असतं, त्यामुळे थर कमकुवत होतो. त्याऐवजी नेलपॉलिश थिनर मिळतं. त्याचे दोन-तीन थेंब पुरतात.

लहान मुलांसाठी मिळणारी, सोलून निघणारी पाण्यावर आधारलेली नेलपॉलिश साध्या नेलपॉलिशमध्ये मिसळू नका. ती फाटते.

जेल पॉलिशला हात लावू नका

साधी नेलपॉलिश वाळते. जेल पॉलिश वाळत नाही. यूव्ही किंवा एलईडी दिव्याखाली तिच्यात रासायनिक क्रिया होते आणि ती घट्ट बनते. कोणता दिवा, किती वेळ, किती जाड थर हे सगळं त्या त्या जेलनुसार ठरलेलं असतं. त्यात साधी नेलपॉलिश किंवा पावडर घातली की हे गणित बिघडतं. वरून कडक, आतून कच्ची अशी अवस्था होते.

कच्च्या जेलमधली ॲक्रिलेट गटातली रसायनं त्वचेला वारंवार लागली तर ॲलर्जी होऊ शकते. ही ॲलर्जी एकदा झाली की सहसा आयुष्यभर राहते. दातांच्या फिलिंगमध्येही याच गटातली रसायनं वापरली जातात, त्यामुळे पुढे तिथेही अडचण येऊ शकते. जेल घट्ट करण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या टीपीओ या रसायनावर युरोपियन युनियनने 1 सप्टेंबर 2025 पासून सौंदर्यप्रसाधनांत बंदी घातली आहे.

दिवा, गॅस आणि नेलपॉलिश

इथाइल ॲसिटेट आणि ॲसिटोन दोन्ही अत्यंत ज्वलनशील आहेत. त्यांची वाफ हवेपेक्षा जड असते. ती जमिनीलगत पसरत दूरच्या ज्योतीपर्यंत पोहोचू शकते. नवरात्रात घरात अखंड दिवा असतो, उदबत्ती असते. म्हणून देवघरापासून आणि गॅसपासून लांब, खिडकी उघडी ठेवून बसा. लहान मुलं जवळ नकोत. रंगीत मिश्रण लावण्याआधी नखांवर बेस कोटचा एक हात द्या. गडद लाल आणि निळ्या रंगांचे डाग कमी पडतात.

ऑपरेशन ठरलं असेल तर मात्र नेलपॉलिश काढूनच जावं. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरचं मोजमाप गडद रंगामुळे चुकू शकतं.

आणि इन्स्टावर विकायचं ठरवलं तर?

स्वतःसाठी किंवा मैत्रिणीसाठी रंग मिसळणं हा छंद झाला. विक्रीसाठी सौंदर्यप्रसाधन तयार करायला भारतात परवाना लागतो. महाराष्ट्रात तो अन्न व औषध प्रशासन देतं. घरच्या बाटल्यांना लेबल लावून ऑर्डर घेणं या नियमात बसत नाही.

राखाडीच्या दिवशी मात्र परवाना लागत नाही आणि दुकानही गाठावं लागत नाही. पांढऱ्याचे आठ थेंब, काळ्याचा एक.