धावताना लागणारी धाप व श्वासमार्गाची तपासणी

शाळेच्या मैदानावर धावत असता एखादे मूल मध्येच थांबते, गळ्याशी हात नेते आणि पुढे धावण्यास नकार देते. अशा मुलास कामचुकार ठरविणे सोपे असते. परंतु त्याची धाप श्वासमार्गातील दोषामुळेही लागत असेल. दुसरबीड परिसरात सोयाबीनच्या मळणीची धूळ आणि त्यामागून येणारी थंडीची कोरडी सकाळ यांमुळे नाजूक श्वासमार्गाच्या मुलांचा त्रास वाढू शकतो. पुढे याच मुलांपैकी कित्येक पोलीस भरतीची तयारी करतात. तेथे मुलांस १६०० व मुलींस ८०० मीटर धावावे लागते. दोष वेळीच न ओळखल्यास गुणी मूल मैदानास कायमचे मुकते.

हा त्रास मुख्यत्वे दोन ठिकाणी उद्भवतो. छातीतील श्वासनलिका आकुंचन पावल्यास तो दम्याचा प्रकार होय. यात त्रास बहुधा धावणे थांबविल्यानंतर ५ ते १५ मिनिटांत वाढतो, खोकला येतो व श्वास सोडताना छातीत शिटीसारखा आवाज होतो. उलटपक्षी, गळ्यातील स्वरयंत्राची वाट अरुंद झाल्यास त्रास ऐन धावण्याच्या भरात होतो, श्वास आत घेताना घरघर ऐकू येते आणि थांबल्यावर काही मिनिटांतच आराम पडतो. या दुसऱ्या प्रकारात दम्याचा पंप सहसा उपयोगी पडत नाही. श्वास घेण्याची योग्य रीत शिकविणे हा प्रमुख उपाय असतो. काही मुलांत दोन्ही दोष एकत्र असतात. यास्तव तपासणी आवश्यक ठरते.

दम्याच्या तपासणीत मूल ट्रेडमिलवर, म्हणजे सरकत्या पट्ट्याच्या यंत्रावर, ६ ते ८ मिनिटे वेगाने धावते. धावण्यापूर्वी व नंतर ठराविक अंतराने त्याची फुंकर मोजतात. पहिल्या सेकंदात बाहेर पडणारी हवा १० टक्के वा अधिक घटल्यास श्वासनलिका आकुंचन पावल्याचे समजते. स्वरयंत्राच्या तपासणीत नाकावाटे बारीक, लवचीक दुर्बीण घालून ती डोक्यावरील पट्ट्यास बसवितात व मूल धावत असतानाच गळ्याचे चित्रण करतात. नॉर्वेतील बर्गेन येथील डॉक्टरांनी ही पद्धती २००६ साली प्रसिद्ध केली. तिची सोय मोजक्याच मोठ्या रुग्णालयांत असते. कोठे जावे हे डॉक्टरांकडूनच समजून घ्यावे.

तपासणीपूर्वी पालकांनी पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

१. पंप वा अन्य औषध किती तास आधी थांबवावयाचे, हे डॉक्टर सांगतील. स्वतःच्या मनाने औषध बंद करू नये. त्रास झाल्यास औषध अवश्य द्यावे व तसे कळवावे.

२. हलका आहार सुमारे दोन तास आधी घ्यावा. त्या दिवशी चहा-कॉफी टाळावी व आदल्या काही तासांत धावपळ करू देऊ नये.

३. सैल कपडे व धावण्याचे बूट घालावेत. पंप व पूर्वीचे कागद सोबत न्यावेत.

४. सर्दी, खोकला वा ताप असल्यास आधी कळवून दिवस बदलून घ्यावा.

५. दुर्बिणीसाठी नाक औषधाने बधिर करतात. बधिरता जाईपर्यंत खाणेपिणे देऊ नये.

मुलास आधीच समजावून सांगावे की, नाकात थोडी गुदगुल्यासारखी वा दाब पडल्याची जाणीव होईल, डॉक्टर शेजारीच असतील आणि खूण करताच यंत्र थांबविता येईल. धाप लागेपर्यंत धावणे हाच या तपासणीचा हेतू असल्याने धाप लागली म्हणजे आपण हरलो, असे मुलास वाटता कामा नये.

शिक्षकांचे कार्य येथे मोलाचे आहे. त्रास धावताना झाला की थांबल्यानंतर, आवाज श्वास घेताना आला की सोडताना, आणि आराम पडण्यास किती मिनिटे लागली, या तीन गोष्टींची तारखेसह नोंद ठेवावी. ती पालकांकरवी डॉक्टरांस तसेच राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकास दाखवावी. शाळेत मुद्दाम धाववून परीक्षा पाहू नये. मुलाचे ओठ निळसर पडल्यास, बोलणे अशक्य झाल्यास किंवा विश्रांतीनेही आराम न पडल्यास तत्काळ १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

निदान व उपचार झाल्यावर यांपैकी बहुतेक मुले पुन्हा खेळू शकतात. तोवर मैदानाच्या कडेला उभ्या असलेल्या मुलाविषयी घाईने मत बनवू नये, एवढी दक्षता प्रत्येक शाळेने घ्यावी.