बुगाबूचे सुळके : खडक जुनाच, बर्फाची वाट बदलती

कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतातील पर्सेल पर्वतरांगेत, हिमनद्यांच्या मधोमध ग्रॅनाइटचे उघडेबोडके सुळके उभे आहेत. ‘बुगाबू’ या नावाने ते जगभरच्या प्रस्तरारोहकांना परिचित आहेत. इंग्रजीत या शब्दाचा अर्थ बागुलबुवा! एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस खनिजाच्या आशेने येथे आलेल्यांच्या पदरी निराशाच पडली. गिर्यारोहकांच्या हाती मात्र मोठे घबाड लागले.

सुमारे १३ कोटी वर्षांपूर्वी जमिनीखाली खोलवर थंड होत गेलेल्या शिलारसापासून हा ग्रॅनाइट बनला. पुढे हिमनद्यांनी भोवतालचा भाग खरवडून नेला आणि कणखर गाभा सुळक्यांच्या रूपाने उरला. या कातळात लांबच लांब उभ्या भेगा आहेत. बोटे, मूठ किंवा पाऊल भेगेत घट्ट रुतवायचे आणि वर सरकायचे, हे येथील आरोहणाचे तंत्र. पाचरीसारखी साधने भेगेत अडकवून त्यांतून दोर नेला जातो आणि मागून येणारा सहकारी ती काढून घेतो. त्यामुळे मेखा ठोकून कातळ विद्रूप करण्याची वेळ सहसा येत नाही.

३,२०४ मीटर उंचीच्या बुगाबू सुळक्यावर १९१६ मध्ये प्रथम पाऊल ठेवले ते ऑस्ट्रियात जन्मलेले वाटाडे कॉनराड केन यांनी. अल्बर्ट व बेस मॅकार्थी हे दाम्पत्य आणि जॉन व्हिन्सेंट त्यांच्यासोबत होते. माथ्याजवळच्या धारेवर एक आडदांड खडक वाट अडवून उभा आहे. अशा खडकाला गिर्यारोहक ‘जेंडार्म’, म्हणजे फ्रेंच भाषेतला पोलीस शिपाई, म्हणतात. नाव अगदी चपखल आहे. आधुनिक साधने नसताना केन यांनी हा शिपाई ओलांडला. आजच्या प्रतवारीत त्यांची वाट सोप्यांत मोजली जाते. तरीही पायांखालची पोकळी पाहिल्यावर प्रतवारीचे आकडे फारसा धीर देत नाहीत. शेजारचा स्नोपॅच सुळका मात्र १९४० पर्यंत अजिंक्य राहिला. जॅक अर्नोल्ड आणि रॅफी बेडायन यांनी तो सर केला.

हे सुळके बुगाबू प्रांतिक उद्यानात येतात. तेथे पोहोचण्यासाठी जंगलातून कच्च्या रस्त्याने दूरवर जावे लागते. रस्ता संपतो तेथे गाड्यांभोवती तारेच्या जाळ्या लावलेल्या दिसतात. ही खबरदारी चोरांसाठी नव्हे, साळिंदरांसाठी! टायर आणि ब्रेकच्या रबरी नळ्या कुरतडण्याची त्यांना भारी आवड. तेथून सुमारे पाच किलोमीटरच्या खड्या चढणीनंतर, २,२३० मीटर उंचीवर, १९७२ मध्ये बांधलेली केन यांच्या नावाची निवारा-झोपडी लागते.

खरी कसोटी त्यानंतर सुरू होते आणि ती खडकाची नसते. बुगाबू आणि स्नोपॅच या सुळक्यांमधील खिंड ही वर जाण्याची नेहमीची वाट. पूर्वी उन्हाळ्यातही तेथे चांगला बर्फ असे आणि बुटांना काटे लावून पहाटे ती चढता येई. आता उन्हाळा सरत जातो तसा बर्फ विरळ होतो. त्याखालची माती आणि सुटे दगड उघडे पडतात व उताराच्या अरुंद घळीतून गडगडत खाली येतात. वर चढणाऱ्याला तेथे आडोसा नसतो. हिमनदीची पातळी खालावली की कातळ आणि बर्फ यांच्यामधली फटही रुंदावते. त्यामुळे ज्या वाटेचा तांत्रिक दर्जा सोपा, तिच्या पायथ्याशी पोहोचणेच धोक्याचे, अशी विचित्र अवस्था आली आहे.

उंचावरच्या कातळाच्या भेगांत मुरलेले पाणी गोठलेले असते, तोवर ते खडकाला सांधून धरते. ते वितळले की सांधा सैल होतो. पुन्हा गोठताना पाण्याचे आकारमान सुमारे नऊ टक्क्यांनी वाढते आणि भेग आणखी फाकते. डिसेंबर २०२२ मध्ये स्नोपॅच सुळक्याचा मोठा भाग कोसळल्याचे उघड झाले. आरोहणाच्या काही वाटा त्याबरोबर नाहीशा झाल्या. हिवाळा असल्याने तेव्हा सुळक्यावर कोणी नव्हते.

म्हणूनच येथे येणारे जाणकार केवळ हवामानाचा अंदाज पाहून निघत नाहीत. आदल्या रात्री बर्फ नीट गोठला का आणि खिंडीतून दगड पडत आहेत का, याची चौकशी ते आधी करतात. दुपारच्या वादळापूर्वी उतरायचे असल्याने अंधारातच निघावे लागते. खिंड धोक्याची वाटली, तर लांबचा वळसा घेण्याची किंवा सुळकाच बदलण्याची तयारी ठेवावी लागते.