गोळीची वेळ सांभाळणारी सिस्टर हवी

मुंबई-अहमदाबाद महामार्गाने चारोटी नाका सोडला की थोड्याच अंतरावर विवळवेढे लागते. चैत्रातील महालक्ष्मीच्या यात्रेमुळे हे नाव दूरदूरच्या कामगार वस्त्यांतही ठाऊक आहे. डहाणू-तलासरीच्या या पट्ट्यात एखादा वयस्क माणूस थरथरत्या हाताने, पाय घासत, पुढे झुकून चालताना दिसला की पाहणारे बहुधा दोनच गोष्टी बोलतात. एक तर ताडी जास्त झाली, नाहीतर बाहेरची बाधा झाली. हा मेंदूचा आजार असू शकेल, ही तिसरी गोष्ट सहसा कोणाच्या तोंडी येत नाही. मग त्या माणसाला कामावर कोणी घेत नाही आणि घरचे त्याला भगताकडे नेतात. यात वर्षे निघून जातात.

या आजाराला आपल्याकडे कंपवात म्हणतात. लंडनचे डॉक्टर जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली त्याचे वर्णन लिहिले, म्हणून त्यांचे नाव त्याला मिळाले. मेंदूच्या खोल भागात डोपामिन नावाचे रसायन तयार करणाऱ्या पेशी हळूहळू नष्ट होतात आणि शरीराची हालचाल मंदावते. थरथर सर्वांच्याच नजरेस येते, परंतु ती प्रत्येकाला असतेच असे नाही. वास घेण्याची शक्ती जाणे, जुनाट बद्धकोष्ठ, अक्षर बारीक होत जाणे, चेहऱ्यावरचे भाव कमी होणे, सदऱ्याची गुंडी लावताना फार वेळ लागणे, हीही त्याचीच चिन्हे असू शकतात. २०१९ साली जगात ८५ लाखांहून अधिक लोकांना हा आजार होता, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे.

आजार मुळापासून बरा होत नाही, पण लेव्होडोपा या औषधाने माणूस पुन्हा हिंडूफिरू लागतो. हे औषध देशाच्या आवश्यक औषधांच्या यादीत आहे. आपल्या रानातील खाजकुइलीच्या बियांतही हेच द्रव्य असते. मात्र म्हणून कोणी बिया कुटून खाऊ नयेत. त्यात द्रव्य किती हे कळत नाही, आणि डॉक्टरांच्या गोळीबरोबर ते जास्त झाले तर अंग वेडेवाकडे हलू लागते.

खरी अडचण गोळी मिळाल्यानंतर सुरू होते. ही गोळी घड्याळाची आहे. ती शक्यतो जेवणाच्या अर्धा तास आधी घ्यावी लागते, कारण डाळ, अंडी, सुकी मासळी यांतील प्रथिने तिचा मार्ग अडवतात. वेळ चुकली की माणूस लाकडासारखा ताठ होतो. घरच्यांना वाटते औषध लागू पडत नाही, आणि मग गोळ्या एकदम बंद केल्या जातात. हे तर जिवावर बेतू शकते. विवळवेढ्याहून केईएम किंवा नायर शंभर किलोमीटरहून अधिक लांब. मज्जाविकारतज्ज्ञ तीन-चार महिन्यांनी दहा मिनिटे तपासणार. मधल्या दिवसांचे कोण पाहणार? सून सकाळीच चिकूच्या वाडीत किंवा वीटभट्टीवर गेलेली असते.

इंग्लंडमध्ये या प्रश्नाचे उत्तर नर्सने दिले. १९८९ साली कॉर्नवॉल परगण्यात खास पार्किन्सनच्या रुग्णांसाठी पहिली नर्स नेमली गेली आणि पुढे ही पद्धत देशभर पसरली. या नर्स घरी जातात, फोनवर बोलतात, गोळ्यांच्या वेळा बसवून देतात. २००६ पासून तेथे वेगळे शिक्षण घेतलेल्या नर्सना औषध लिहून देण्याचा अधिकारही व्यापक झाला. दुसऱ्या कारणासाठी इस्पितळात दाखल झालेल्या पार्किन्सनच्या रुग्णाला लेव्होडोपा त्याच्या ठरलेल्या वेळेच्या अर्ध्या तासाच्या आत मिळावी, असे मानकच तेथे २०१८ साली ठरले. अर्ध्या तासाचीही किंमत असते, हे लक्षात घ्यावे.

आपल्याकडे नर्स प्रॅक्टिशनर हा शब्द आता कुठे रुळू लागला आहे. अतिदक्षता आणि प्रसूती या दोन क्षेत्रांत असे अभ्यासक्रम भारतीय परिचर्या परिषदेने आणले. हालचालींच्या विकारांसाठी मात्र गावाच्या जवळ असे काही नाही. मुंबईत डॉ. भीमसेन सिंघल यांच्या पुढाकाराने २००१ साली सुरू झालेली पार्किन्सन सोसायटी आणि पुण्याचे पार्किन्सन्स मित्रमंडळ रुग्णांना एकत्र आणतात, व्यायाम आणि माहिती देतात. हे काम मोलाचे आहे. पण विवळवेढ्याच्या म्हाताऱ्या बाईने दर आठवड्याला मुंबई गाठावी, असे कोण म्हणेल?

आमचे म्हणणे असे की हे शिक्षण उपकेंद्रापर्यंत आले पाहिजे. तेथील समुदाय आरोग्य अधिकारी सहा महिन्यांचा अभ्यासक्रम करून आलेले असतात. मज्जासंस्थेचे विकार आणि वृद्धांची सेवा ही कामे त्यांच्या यादीत आहेतच, शिवाय फोनवरून डॉक्टरांचा सल्ला घेण्याची सोयही आहे. त्यात कंपवाताचे चार-सहा दिवसांचे प्रत्यक्ष शिक्षण घालणे अवघड नाही. औषध लिहिणे डॉक्टरांकडेच राहील. सिस्टरने शिकायचे ते वेगळेच आहे. रुग्णाला खुर्चीतून उठवून, चालवून, वळवून पाहणे. उभे राहिल्यावर रक्तदाब किती उतरतो ते मोजणे. पाणी पिताना ठसका लागतो का ते विचारणे, कारण घशातून अन्न फुप्फुसात गेले की न्यूमोनिया होतो. उंबरठ्याशी पाय जमिनीला चिकटतो तेव्हा ओढू नये, जमिनीवर खडूची रेघ मारून ती ओलांडायला सांगावी किंवा मोठ्याने एक-दोन मोजावे, हे सुनेला दाखवणे.

आणखी एक गोष्ट अशी सिस्टरच पकडू शकते. उलटीसाठी दिले जाणारे मेटोक्लोप्रामाइड, चक्करेवर महिनोन्महिने चालू ठेवलेले सिनारिझिन, या औषधांनीही थरथर आणि ताठरपणा येतो. असलेला कंपवात त्यांनी वाढतो. पिशवीतल्या सगळ्या पट्ट्या टेबलावर काढून पाहणारी नजर तयार करायला पैसा फारसा लागत नाही. मग डॉक्टरांशी बोलून ते औषध थांबवता आले, तर कित्येकांचे अंग काही महिन्यांत मोकळे होते.

आपल्या घरांतील कितीतरी मुली नर्सिंगला गेल्या आहेत. त्यांनी आपापल्या रुग्णालयात हे शिक्षण मागावे, संघटनेच्या बैठकीत हा विषय काढावा. अधिकची जबाबदारी आली तर पद आणि पगारही वाढला पाहिजे, हेही तेथेच ठणकावून सांगावे. नुसती सेवाभावाची भाषा आम्हाला मान्य नाही.

ज्यांच्या घरी असा रुग्ण आहे त्यांनी आजपासून एक वही घालावी. गोळी किती वाजता घेतली, हातपाय किती वाजता सुटे झाले, पुन्हा कधी ताठले, कुठे पडले, एवढेच लिहावे. लिहिता येत नसेल तर शाळेत जाणारे नातवंड लिहील. ती वही पुढच्या खेपेस डॉक्टरांपुढे ठेवावी.

११ एप्रिल हा महात्मा फुल्यांचा जन्मदिन, आणि जागतिक पार्किन्सन दिनही तोच. त्या आठवड्यात १४ एप्रिलपर्यंत वस्त्यांतून आरोग्य शिबिरे होतात. रक्तदाब आणि साखर तपासण्याच्या टेबलाशेजारी या वेळी एक रिकामी खुर्ची ठेवावी. साठीच्या पुढच्या प्रत्येकाला तिच्यावरून उठून दहा पावले चालून परत यायला सांगावे, आणि ते पाहायला जाणती सिस्टर बसवावी.